पॅकेजांचा तिढा कसा सुटतो?

हिंगोली जिल्ह्यातील औंढा नागनाथ तालुक्यात, दुधाळा गावाजवळ एक वेधशाळा होऊ घातली आहे. तिचे नाव लायगो-इंडिया. तिला घुमट नाही आणि दुर्बीणही नाही. एकमेकींशी काटकोनात असलेल्या, प्रत्येकी ४ किलोमीटर लांबीच्या दोन निर्वात नळ्या आणि त्यांतून ये-जा करणारा लेसरचा झोत हा तिचा गाभा. केंद्रीय मंत्रिमंडळाने या प्रकल्पाला फेब्रुवारी २०१६ मध्ये तत्त्वतः मान्यता दिली आणि एप्रिल २०२३ मध्ये २६०० कोटी रुपयांच्या खर्चासह अंतिम मान्यता दिली. दूरच्या कृष्णविवरांच्या टकरीतून निघालेली गुरुत्वीय लहर पृथ्वीवरून जाते, तेव्हा नळ्यांच्या टोकांशी टांगलेल्या आरशांमधील अंतर किंचित बदलते. हा बदल प्रोटॉनच्या व्यासाच्या हजाराव्या भागाइतका सूक्ष्म असू शकतो.

एवढा सूक्ष्म बदल डोळ्यांनी दिसत नाही. आलेखावरही तो सहसा उठून दिसत नाही, कारण तो गोंगाटात बुडालेला असतो. अपेक्षित लहरींचे नमुने गणिताने आधीच तयार करायचे आणि गोंगाटाशी ताडून पाहायचे, ही त्यावरची युक्ती. पुण्याच्या आयुका या संस्थेत संजीव धुरंधर आणि बी. एस. सत्यप्रकाश यांनी या पद्धतीचा पाया घालणारे काम १९९१ मध्ये प्रसिद्ध केले होते. ताडून पाहण्याचे काम अर्थातच संगणक करतो आणि त्या संगणकावर बहुतेक वेळा लिनक्स ही कार्यप्रणाली असते.

येथे एक गोष्ट लक्षात घ्यायला हवी. लहरी शोधणारी आज्ञावली म्हणजे एकाच व्यक्तीने लिहिलेला एकसंध कार्यक्रम नव्हे. जगभरच्या शेकडो लोकांनी वेगवेगळ्या वेळी लिहिलेले तुकडे जोडून ती उभी राहते. हे तुकडे एकमेकांवर अवलंबून असतात आणि कधीकधी त्यांचे एकमेकांशी पटत नाही. मग पडद्यावर संदेश येतो की अमुक पॅकेजच्या गरजा पूर्ण होत नाहीत, सबब ते बसवता येत नाही. मोठ्या संशोधनसंस्थेतील संगणकावर हा संदेश येतो, तसाच वसमत किंवा कळमनुरीच्या शाळेतील संगणकावरही येतो. तो का येतो, त्यामागे कोणते तर्कशास्त्र आहे आणि तिढा कसा सोडवावा, हे आपण या लेखात पाहू.

पॅकेज म्हणजे काय?

लिनक्सच्या सुरुवातीच्या काळात आज्ञावली बसवायची म्हणजे तिचा मूळ मजकूर मिळवून आपल्याच संगणकावर तिचे संकलन करावे लागे. एखादी गोष्ट कमी पडली की काम मध्येच थांबे. इयान मरडॉक यांनी १९९३ मध्ये डेबियन हा लिनक्सचा संच सुरू केला. त्यात आज्ञावली तयार स्वरूपात, बांधलेल्या गाठोड्यासारख्या मिळू लागल्या. या गाठोड्याला पॅकेज म्हणतात. रेड हॅट या संचाने १९९५ मध्ये आरपीएम नावाची आपली पद्धत आणली.

पॅकेजमध्ये आज्ञावली असतेच, शिवाय एक चिठ्ठीही असते. प्रयोगशाळेच्या कपाटातील बाटलीवर रसायनाचे नाव, तीव्रता आणि ‘आम्लापासून दूर ठेवा’ अशी सूचना असते ना, तशीच ही चिठ्ठी. तिच्यावर मुख्यतः चार गोष्टी लिहिलेल्या असतात. माझे नाव आणि आवृत्ती अमुक. मला चालण्यासाठी अमुक पॅकेज, अमुक आवृत्तीचे किंवा त्यापुढचे, लागते. अमुक पॅकेज असेल तर मी तेथे राहू शकत नाही. आणि अमुक काम मी दुसऱ्याच्या जागी करू शकतो.

प्रत्येक आज्ञावलीने आपल्याला लागणारे सारे सामान स्वतःच का आणू नये, असा प्रश्न चौकस विद्यार्थी विचारील. उत्तर सोपे आहे. प्रयोगशाळेत प्रत्येक विद्यार्थ्याला स्वतंत्र तराजू देण्याऐवजी आपण एक चांगला तराजू सर्वांना वापरायला देतो. संगणकातही वर्गमुळे काढणे, आलेख रेखाटणे, गुप्त संदेश उलगडणे अशी सर्वांना लागणारी कामे सामायिक तुकड्यांत ठेवलेली असतात. अशा तुकड्याला लायब्ररी म्हणतात. त्यामुळे जागा वाचते. त्याहून महत्त्वाचे म्हणजे दुरुस्ती एकदाच करावी लागते. २०१४ मध्ये ओपनएसएसएल या लायब्ररीत ‘हार्टब्लीड’ नावाचा गंभीर दोष सापडला. ज्या संगणकांवर ती लायब्ररी सामायिक होती, तेथे एक पॅकेज बदलून आज्ञावल्या नव्याने सुरू केल्या की तिच्यावर विसंबणाऱ्या साऱ्यांचा दोष दूर होत असे.

सामायिक वस्तूचा फायदा मोठा, पण तिच्यावरून तंटाही होतो. पॅकेजांचा तिढा हा असाच सामायिक वस्तूवरून उद्भवणारा तंटा आहे.

तिढा कसा पडतो?

एक खरे उदाहरण घेऊ. अमेरिकेतील दोन लायगो वेधशाळांनी १४ सप्टेंबर २०१५ रोजी पहिली गुरुत्वीय लहर टिपली. तिची मोजमापे सर्वांसाठी खुली आहेत. समजा, हिंगोलीतील एका शिक्षिकेला दहावीच्या मुलांसमोर त्या लहरीचा आलेख काढायचा आहे. त्यासाठी पायथॉन भाषेतील जीडब्ल्यूपाय नावाची आज्ञावली सोयीची आहे. पण जीडब्ल्यूपायला ॲस्ट्रोपाय लागते, सायपाय लागते, आलेखांसाठी मॅटप्लॉटलिब लागते आणि फाइली वाचण्यासाठी एचफाइव्हपाय लागते. या चौघींनाही नमपाय ही संख्यांच्या मोठ्या सारण्या हाताळणारी लायब्ररी लागते. कागदावर बाण काढून पाहिले तर एका टोकाला जीडब्ल्यूपाय, मध्ये चौघी आणि दुसऱ्या टोकाला पुन्हा एकटी नमपाय, अशी पतंगासारखी आकृती तयार होते. तिढा बहुधा या दुसऱ्या टोकाला पडतो, कारण तेथे चौघींच्या अटी एकत्र येतात.

जून २०२४ मध्ये नमपायची २.० ही आवृत्ती आली. २००६ नंतरची ही पहिली मोठी आवृत्ती होती. तिच्यात आतली काही मांडणी बदलली. जुन्या छापील अर्जाच्या रकान्यांचा हिशेब धरून कारकुनाने काम बसवलेले असावे आणि नव्या अर्जात रकान्यांच्या जागाच बदलाव्यात, तसे झाले. नमपायच्या १ क्रमांकाच्या मालिकेवर संकलित केलेले तुकडे २.० बरोबर चालेनात. ज्या लायब्रऱ्यांनी वेळेवर नव्या आवृत्त्या काढल्या त्या टिकल्या. पण चौघींपैकी एक जरी जुनी राहिली, तरी ती म्हणणार की मला नमपाय २ च्या आतली हवी. एखादी अगदी नवी म्हणणार की मला २ किंवा त्यापुढची हवी. पायथॉनच्या एका मांडणीत नमपाय एकच राहू शकते. दोघींचे म्हणणे आपापल्या जागी योग्य आहे आणि तरीही दोन्ही एकाच वेळी पाळता येत नाहीत.

म्हणजे संगणक येथे बिघडलेला नाही. त्याने अटी वाचल्या आणि त्या एकत्र बसत नाहीत एवढे प्रामाणिकपणे सांगितले. संदेशाकडे असे पाहायला शिकलो, की अर्धे काम होते.

एक छोटे कोडे

खऱ्या पॅकेजांची संख्या मोठी असते, म्हणून तर्क समजण्यासाठी आम्ही तीन काल्पनिक पॅकेजे घेतली आहेत: ‘आलेख’, ‘तारे’ आणि ‘गणित’. आलेखच्या दोन आवृत्त्या उपलब्ध आहेत, तारेच्या दोन आणि गणितच्या तीन. कोणत्याही पॅकेजची एका वेळी एकच आवृत्ती बसवता येते. त्यांच्या अटी अशा:

आलेख १ ला गणित १ किंवा २ चालते.
आलेख २ ला गणित ३ च लागते.
तारे १ ला गणित १ च लागते.
तारे २ ला गणित २ च लागते.

आपल्याला आलेख आणि तारे दोन्ही हवे आहेत. कोणत्या आवृत्त्या घ्याव्यात? पुढे वाचण्यापूर्वी दोन मिनिटे स्वतः प्रयत्न करून पाहा.

साधा माणूस काय करील? प्रत्येकाची सर्वांत नवी आवृत्ती घेईल. आलेख २ घेतला की गणित ३ बसवावे लागते. मग तारे २ घ्यायला जावे तर ते गणित २ मागते. झाला तिढा. तारे १ घेऊन पाहावे तर ते गणित १ मागते, म्हणजे तेही जमत नाही. येथे अनेकजण कंटाळून सोडून देतात किंवा ‘जबरदस्तीने बसव’ अशी आज्ञा देतात.

पण शांतपणे मोजू. आलेखच्या २, तारेच्या २ आणि गणितच्या ३ आवृत्त्या मिळून एकूण २ × २ × ३ = १२ जुळण्या होतात. एकेक तपासली तर दोनच जुळण्या साऱ्या अटी पाळतात. पहिली आलेख १, तारे १, गणित १. दुसरी आलेख १, तारे २, गणित २. दुसरी अधिक नवी म्हणून आपण ती घेऊ. तिढा होता तो ‘प्रत्येक वस्तू नवीच हवी’ या आपल्या न बोललेल्या अटीमुळे. ती अट थोडी सैल केल्याबरोबर वाट मोकळी झाली.

संगणक हे कोडे कसे सोडवतो?

ज्यांनी शाळेचे वेळापत्रक तयार केले आहे त्यांना ही रीत नवी वाटणार नाही. गणिताच्या बाईंना एकाच तासाला दोन वर्गांवर पाठवता येत नाही. प्रयोगशाळा एकच, म्हणून नववी आणि दहावीचे प्रात्यक्षिक एका वेळी नको. खेळाचा तास शेवटी हवा. आपण आधी ज्या जागांना पर्यायच नाही त्या भरून टाकतो. मग एखादी जागा अंदाजाने भरतो, तिचे परिणाम कोठवर जातात ते पाहतो आणि अडलो की खोडरबर घेऊन मागे येतो.

पॅकेजांचा तिढा सोडवणारी आज्ञावलीही हेच करते. तिच्या चार पायऱ्या आपल्या कोड्यावर पाहू. पहिली पायरी अंदाजाची: आलेख २ घेऊन पाहू. दुसरी पायरी सक्तीची: आलेख २ घेतला, म्हणून गणित ३ आलेच, गणित ३ आले, म्हणून गणित १ आणि २ गेले, ते गेले, म्हणून तारे १ आणि तारे २ दोन्ही गेले. पण तारे तर हवेच होते, म्हणजे विसंगती आली. तिसरी पायरी माघारीची: ज्या अंदाजामुळे अडलो तो मागे घ्यायचा. चौथी पायरी शिकण्याची. ‘तारे हवे असतील तर आलेख २ कधीही घेऊ नये’ अशी नवी अट आज्ञावली आपल्या वहीत लिहून ठेवते, म्हणजे पुढे त्याच खड्ड्यात पुन्हा पडायला नको. त्यानंतर आलेख १ घेतला की तारे २ आणि गणित २ आपोआप जुळतात.

गणिती भाषेत सांगायचे तर प्रत्येक आवृत्ती ही ‘घेतली’ किंवा ‘नाही घेतली’ अशा दोनच किमती असणारी एक चलराशी आहे आणि प्रत्येक अट हे ‘किंवा’ व ‘नाही’ यांनी बनलेले एक विधान. सर्व विधाने एकाच वेळी सत्य ठरतील अशा किमती सापडतात का, एवढाच प्रश्न. तर्कशास्त्रातील सत्यता-सारणी शिकवताना हे उदाहरण चांगले उपयोगी पडेल.

हे अवघड का आहे?

बारा जुळण्या हाताने तपासता आल्या. पण २० पॅकेजे आणि प्रत्येकाच्या ३ आवृत्त्या असतील, तर जुळण्यांची संख्या ३ चा २० वा घात, म्हणजे सुमारे ३४८ कोटी ६७ लाख होते. सेकंदाला एक लाख जुळण्या तपासणाऱ्या संगणकाला त्यासाठी जवळपास पावणेदहा तास लागतील. पॅकेजे ४० झाली तर त्याच वेगाने सुमारे साडेअडतीस लाख वर्षे लागतील. पॅकेजे दुप्पट झाली की वेळ दुप्पट होत नाही, तो असा वाढतो. २०२३ मध्ये आलेल्या डेबियन १२ मध्ये ६४ हजारांहून अधिक पॅकेजे आहेत, हे लक्षात घेतले की एकेक जुळणी तपासत बसणे का अशक्य आहे ते कळते.

‘घेतले–नाही घेतले’ प्रकारच्या विधानांचा हा प्रश्न अवघड प्रश्नांच्या एका मोठ्या कुळाचा मूळपुरुष आहे, हे स्टीफन कुक यांनी १९७१ मध्ये दाखवले. या कुळातील कोणत्याही प्रश्नासाठी सर्व प्रसंगी झटपट चालणारी रीत आजवर कोणाला सापडलेली नाही. ती नाहीच, असेही कोणी सिद्ध केलेले नाही. पॅकेज बसेल की नाही हा प्रश्नही याच कुळातला आहे, असे युरोपातील एका संशोधनगटाने २००६ मध्ये सिद्ध केले. शाळेच्या वेळापत्रकाचा प्रश्नही याच घराण्यातला. तेव्हा जूनमध्ये वेळापत्रक जुळवताना डोके दुखत असेल, तर त्याला गणिती कारण आहे!

मग प्रत्यक्षात पॅकेजे काही सेकंदांत कशी बसतात? कारण खऱ्या जगातील अटी मुद्दाम गुंतागुंतीच्या केलेल्या नसतात आणि सक्तीच्या पायरीनेच बहुतेक जागा भरून जातात. डेबियनचे ॲप्ट हे साधन १९९८ च्या सुमारास आले. ते चिठ्ठ्या वाचून लागणारी सारी पॅकेजे स्वतःच गोळा करी, पण अनेक वर्षे काही ठोकताळ्यांवर चालत असे. सुसे या लिनक्स-संचाने २००८ मध्ये वर सांगितलेल्या तर्कपद्धतीचे साधन वापरात आणले. २०२५ च्या ॲप्ट ३.० मध्येही मागे फिरून पुन्हा प्रयत्न करणारा नवा भाग आला आहे.

प्रत्यक्ष तिढा पडल्यावर

आता व्यवहाराकडे वळू. पुढील आज्ञांची नावे आम्ही उच्चाराप्रमाणे देवनागरीत दिली आहेत. टंकताना त्या रोमन लिपीत लिहायच्या असतात.

पहिले म्हणजे संदेश पूर्ण वाचावा. ‘क ला ख लागते, पण ख बसवले जाणार नाही’ असे लिहिले असेल, तर दोष क मध्ये शोधू नये. ख का बसत नाही ते विचारावे, म्हणजे ख साठी वेगळी आज्ञा देऊन पाहावी. मग कळते की ख ला ग लागते. अशी साखळी शेवटच्या कडीपर्यंत नेली की खरा अडथळा सापडतो. आजार अंगठ्यात नसून गुडघ्यात असावा, तसा हा प्रकार आहे.

दुसरे, ते पॅकेज कोठून येते ते पाहावे. ‘ॲप्ट-कॅश पॉलिसी’ ही आज्ञा पॅकेजची बसवलेली आवृत्ती, उपलब्ध आवृत्त्या आणि त्यांचे भांडार सांगते. आमच्या मते घरगुती आणि शाळेच्या संगणकांवर तिढ्याचे एक नेहमीचे कारण भांडारांची सरमिसळ हे असते. डेबियनची प्रत्येक आवृत्ती म्हणजे एकमेकांशी ताडून पाहिलेल्या पॅकेजांचा एक जुळलेला संच. डेबियन १२ मध्ये नमपाय १.२४ आहे, तर २०२५ च्या डेबियन १३ मध्ये २.२. बारावर चालणाऱ्या संगणकाला ‘एवढी एकच नवी वस्तू हवी’ म्हणून तेराचे भांडार जोडले, की दोन वेगळ्या वेळापत्रकांची पाने एकत्र शिवल्यासारखे होते. असे परके भांडार यादीतून काढून टाकणे आणि मूळ संचातील आवृत्तीवर परत येणे, हा बहुतेक वेळा सर्वांत स्वस्त उपाय ठरतो.

तिसरे, काम अर्धवट तर राहिलेले नाही ना, हे पाहावे. पॅकेज बसत असताना वीज गेली, तर काही फाइली जागेवर पडलेल्या असतात आणि काहींची मांडणी राहून गेलेली असते. भारनियमन अनुभवलेल्यांना हे वेगळे सांगायला नको. येथे तर्काचा तिढा नसतोच, केवळ राहिलेले काम पुरे करायचे असते. ‘डीपीकेजी’ या साधनाला ‘कॉन्फिगर’ची आज्ञा दिली की ते राहिलेली मांडणी पूर्ण करते. त्यानंतर ‘ॲप्ट’ला ‘फिक्स-ब्रोकन’ हा पर्याय देऊन तुटलेल्या गरजा भरून घ्याव्यात.

चौथे, कोणी एखादे पॅकेज मुद्दाम एका आवृत्तीवर रोखून धरलेले असू शकते. ‘ॲप्ट-मार्क शोहोल्ड’ अशी यादी दाखवते. रोखण्याचे कारण उरले नसेल तर ती अडवणूक काढावी.

पाचवे, बदल करण्यापूर्वी ‘सिम्युलेट’ हा पर्याय देऊन लुटुपुटीची फेरी करावी. तीत काय बसेल आणि काय काढले जाईल याची यादी मिळते. एक लहानसे पॅकेज बसवताना पन्नास काढली जाणार असतील, तर तेथेच थांबावे. ‘ॲप्टिट्यूड’ हे साधन एकामागून एक वेगवेगळे तोडगे पुढे ठेवते आणि प्रत्येकाला होय किंवा नाही म्हणता येते.

आणि जबरदस्तीची आज्ञा? ती असते, पण तिने अट पूर्ण होत नाही, फक्त अटीकडे डोळेझाक होते. विसंगती संगणकाच्या नोंदवहीत तशीच राहते. पुढच्या वेळी अगदी निराळे पॅकेज बसवतानाही तीच तक्रार समोर येते आणि तोवर मूळ कारण कोणाच्या लक्षात राहिलेले नसते. शाळेतील दहा-वीस संगणक सांभाळणाऱ्या एकट्या शिक्षकाला ही उधारी परवडत नाही.

वेगळी चूल

काही वेळा दोन्ही अटी खऱ्या असतात, दोन्ही आज्ञावल्या हव्याच असतात आणि एकही अट सैल करता येत नाही. अशा वेळी एकत्र कुटुंबाचा जुना तोडगा कामी येतो: घर एकच, चुली दोन.

हे दोन प्रकारे करतात. पहिल्या प्रकारात लायब्ररीच्या नावातच क्रमांक घालतात. डेबियन ११ मध्ये जीएसएल या गणिती लायब्ररीच्या पॅकेजचे नाव ‘लिबजीएसएल२५’ होते, १२ मध्ये ते ‘लिबजीएसएल२७’ झाले. नावे वेगळी असल्यामुळे जुनी आणि नवी शेजारी-शेजारी राहू शकतात आणि प्रत्येक आज्ञावली आपल्या नावाची उचलते.

दुसऱ्या प्रकारात पूर्ण खोलीच वेगळी करतात. पायथॉनमध्ये ‘व्हेन्व्ह’ किंवा ‘कॉन्डा’ वापरून प्रत्येक कामासाठी स्वतंत्र वातावरण तयार करता येते. एका वातावरणात नमपाय १ आणि दुसऱ्यात नमपाय २ सुखाने नांदतात. जागा थोडी अधिक लागते, पण तंटा मिटतो.

डेबियन १२ पासून ‘पिप’ हे पायथॉनचे साधन संगणकाच्या मूळ पायथॉनमध्ये काही बसवायला नकार देते आणि ‘ही मांडणी बाहेरून सांभाळली जाते’ असे सांगते. अनेक विद्यार्थी येथे गोंधळतात. कारण समजून घेतले तर राग येणार नाही. ॲप्ट आणि पिप हे दोन कारकून आहेत आणि दोघांच्या नोंदवह्या वेगळ्या आहेत. दोघेही एकाच कपाटात वस्तू ठेवू-काढू लागले तर कोणाचीच वही खरी राहणार नाही. म्हणून पिपला म्हटले जाते की तू तुझी खोली घे आणि तेथे हवे ते कर. आपल्या उदाहरणातील शिक्षिकेनेही जीडब्ल्यूपाय अशाच वेगळ्या वातावरणात बसवावी. तेथे चौघींच्या अटी नव्याने जुळवल्या जातील आणि प्रयोगशाळेतील बाकीच्या कामांना धक्का लागणार नाही.

नोंद का ठेवायची?

आतापर्यंत आपण तिढ्याकडे गैरसोय म्हणून पाहिले. विज्ञानाच्या दृष्टीने त्यात आणखी काही पणाला लागलेले असते.

व्हर्निअर कॅलिपरने व्यास मोजला की विद्यार्थ्याने लघुतम माप आणि शून्यदोष लिहावा, असा आपला आग्रह असतो. ते नसेल तर उत्तर कितीही सुबक असले तरी ते तपासता येत नाही. संगणकाने काढलेल्या उत्तराचेही तसेच आहे. कोणत्या लायब्ररीच्या कोणत्या आवृत्तीने ते काढले, हे त्या उपकरणाचे लघुतम माप समजावे. उद्या लायगो-इंडिया सुरू होईल, तेव्हा तिची मोजमापे अमेरिकेतील हॅनफर्ड आणि लिव्हिंगस्टन, इटलीतील व्हर्गो आणि जपानमधील काग्रा यांच्या मोजमापांशी एकत्र करून पाहिली जातील. ते काम अनेक देशांतील संशोधक आपापल्या संगणकांवर करतील. दोघांची उत्तरे वेगळी आली, तर फरक आकाशातील आहे की लायब्ररीच्या आवृत्तीतील, हे ठरवता आले पाहिजे.

म्हणून या वेधशाळांच्या संशोधकांनी एक शिस्त लावून घेतली आहे. लागणाऱ्या सर्व पॅकेजांच्या परस्परांशी जुळणाऱ्या आवृत्त्या ठरवून त्यांचे एक कॉन्डा वातावरण तयार केले जाते, तपासले जाते आणि त्याला तारखेसह नाव दिले जाते. मग सर्न या युरोपीय संस्थेत विकसित झालेल्या फाइल-वाटपाच्या पद्धतीने तेच वातावरण निरनिराळ्या संगणक-समूहांवर उपलब्ध होते. प्रत्येकाने आपापल्या जागी तिढा सोडवत बसण्याऐवजी तो एकदा नीट सोडवायचा आणि उत्तर सर्वांनी वापरायचे, ही त्यामागची कल्पना.

आपल्या शाळेतही हे लहान प्रमाणात करता येईल. एक संगणक नीट चालू लागला की त्यावरील पॅकेजांची आवृत्त्यांसह यादी फाइलमध्ये उतरवून ठेवावी. वर्षभराने दुसरा संगणक उभा करताना ती यादी मार्गदर्शक ठरते. सध्याच्या शिक्षकांची बदली झाली तरी येणाऱ्या शिक्षकांना ती वारशासारखी मिळते.

वर्गात करून पाहा

या प्रयोगाला संगणक लागत नाही. पुठ्ठ्याची सात कार्डे करा: आलेख १ व २, तारे १ व २ आणि गणित १, २ व ३. प्रत्येकावर त्याची अट लिहा. सात विद्यार्थ्यांना एकेक कार्ड देऊन उभे करा आणि बाकीच्या वर्गाला जुळणी शोधायला सांगा. अडल्यावर कोणता अंदाज मागे घेतला आणि त्यातून कोणती नवी अट शिकलो, हे एका विद्यार्थ्याने फळ्यावर लिहीत जावे.

हे जमले की आठवे कार्ड आणा. त्यावर लिहा: ‘नकाशा १. मला गणित २ किंवा ३ लागते. तारे २ असेल तेथे मी राहत नाही.’ आता आलेख, तारे आणि नकाशा तिन्ही हवे आहेत असे सांगा. मुले बराच वेळ खटपट करतील आणि जुळणी सापडणार नाही. तेव्हा त्यांना विचारा की ती सापडत नाही की ती नाहीच? नकाशा असेल तर तारे २ नको, म्हणजे तारे १ आले. तारे १ ला गणित १ च लागते. पण नकाशाला ते चालत नाही. चार ओळींत सिद्धता पुरी झाली आणि आलेखची कोणती आवृत्ती घेतली याचा तिच्याशी संबंधही आला नाही.

‘नाही’ हेही एक उत्तर असते आणि ते सिद्ध करता येते, हे मुलांना या खेळातून कळेल. मग शेवटचा प्रश्न टाका: कोणती एकच अट सैल केली तर वाट निघेल? याची उत्तरे एकाहून अधिक आहेत. त्यांपैकी कोणते निवडावे हे तर्क सांगत नाही. ते काम काय आहे आणि काय सोडून चालेल, हे पाहून ठरवावे लागते. ते आम्ही आपल्या वर्गावर सोपवतो.